एक जूनची लेकरं

जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीची निवड यादी पोर्टलवर आली तेव्हा महेश्वरी नवऱ्याच्या दुकानात बसली होती. तुळजापुरात देवीच्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर शंभुलिंगचं तसबिरींचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक फ्रेम निवडत होतं, शंभुलिंग काच कापत होता आणि महेश्वरी मोबाइलवर यादी सरकवत होती. धाराशिव जिल्हा, खुला प्रवर्ग, महिला, मराठी माध्यम, पहिली ते पाचवी. यादी संपली. तिनं ती पुन्हा पहिल्यापासून बघितली. पुन्हा संपली.

"न्हाई का नाव?" शंभुलिंगनं वर न बघता विचारलं.

"नाही."

"शेवटचं नाव कुणाचं हाय?"

"शिवांजलीचं."

"आपल्या? माकणीकडच्या?"

"आपल्याच. एकशे एकवीस गुण."

"आन् तुझे?"

"एकशे एकवीस."

शंभुलिंगनं काच खाली ठेवली. "मग ती वर कशी?"

"वयानं मोठी आहे."

"कोण?"

"शिवांजली."

"अगं, ती तुला अक्का म्हणती."

"कागदावर मोठी आहे."

गिऱ्हाईक म्हणालं, "त्यात सोनेरी पट्टी असंल तर दाखवा की."

नियम साधा होता. राज्यभर एकच चाचणी, दोनशे गुणांची. ज्याला जितके गुण, तितका तो वर. उमेदवारानं कुठल्या जिल्ह्यात नोकरी हवी याचा पसंतीक्रम भरायचा आणि त्याच्या प्रवर्गातल्या जागा वरून खाली भरत यायच्या. दोघांचे गुण सारखे पडले तर वयानं मोठा तो आधी. हे जाहिरातीत छापलेलं होतं आणि महेश्वरीनं ते वाचलंही होतं. आपले गुण दुसऱ्या कुणाइतके असतील, ती जागा शेवटची असेल आणि ती दुसरी बाई शिवांजली असेल, हे मात्र तिच्या मनात आलं नव्हतं.

एक गुण जास्त मिळाला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. चाचणीत वयवारीचं एक गणित तिनं अर्धं सोडवून सोडून दिलं होतं, वेळ संपत आली होती म्हणून. मागच्या भरतीत ती चार गुणांनी मागं राहिली होती. त्याच्या आधी बरीच वर्षं भरतीच झाली नव्हती. डी.एड. झाल्यापासून ती तुळजापुरातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती. तिथला पगार कुणी विचारला तर ती विषय बदलत असे.

तिनं वडिलांना फोन लावला. शिवशरण गुरुजी माकणीत राहत. माकणीजवळच्या एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत त्यांनी बहुतेक नोकरी काढली होती आणि महेश्वरी आणि शिवांजली दोघीही त्याच शाळेत शिकल्या होत्या.

"अप्पा, यादी लागली."

"बघितली." गुरुजींचा आवाज बसलेला होता.

"माझा जन्म कधीचा हो?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. सन एकोणनव्वद."

"आणि शाळेत काय लिहिलाय?"

"एक जून एक्याण्णव."

"शिवांजलीचा?"

"ती एक्याण्णवच्या दिवाळीची."

"लिहिलाय काय?"

"एक जून नव्वद," गुरुजी म्हणाले. "बाळ, तवा..."

"म्हणजे मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. आणि तुमच्या अक्षरात एका वर्षानं लहान."

मागून आई, नीलम्मा, बोलत असल्याचं ऐकू आलं. ती मूळची सीमेपलीकडची, आळंदची. रागावली की तिच्या मराठीत कन्नड शिरत असे. "म्या तवाच म्हणलं हुतं, ब्याड, ब्याड, लेकराचं वय खोटं लिहू नगा. माझं कोण ऐकतंय?"

"अव्वाला म्हणावं, ऐकलं असतं तर बरं झालं असतं," महेश्वरी म्हणाली आणि फोन ठेवला.

या भागात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बाळंतपणं घरीच व्हायची आणि त्यांची नोंद क्वचितच कुणी करायचं. जूनमध्ये शाळा उघडली की आया लेकरं घेऊन येत. गुरुजी विचारत, कधी झालं? आई सांगे, पोळ्याच्या टायमाला, किंवा, थोरल्या दिराचं लगीन झालं त्या साली. मग गुरुजी लेकराकडं बघत, अंदाजानं साल धरत आणि तारीख लिहीत एक जून. शाळा त्याच महिन्यात सुरू व्हायची म्हणून एक जून हिशेबाला सोपी. अशी गावंच्या गावं एक जूनला जन्मली. सरकारी नोकर महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला असला की आदल्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळं दरवर्षी एकतीस मेला कचेऱ्यांमधली टेबलं एकदम रिकामी होतात. शिवशरण गुरुजींचा निरोप समारंभही असाच झाला होता. तालुक्यातले नऊ शिक्षक एका मांडवात, एका ओळीत, एकसारखे फेटे बांधून बसले होते. ते सगळे एकाच दिवशी अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते.

त्यातले गुरुजी खरे एकसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या गुरुजींनी त्यांचं वय तीन वर्षांनी कमी लावलं होतं आणि त्या तीन वर्षांचे उपकार ते आयुष्यभर सांगत आले. वय कमी असलं की नोकरी जास्त होते, हे त्यांनी स्वतःवर पडताळून बघितलेलं होतं. महेश्वरी लहानपणी आळंदला आजोळी राहिली, शाळेत यायला तिला सात वर्षं होत आली होती. पाच पूर्ण झालेलं लेकरू पहिलीत घेता येत असे. गुरुजींनी आपल्या लेकीला बरोबर पाच पूर्ण लावली. याहून कमी लावताच येत नव्हती.

त्याच आठवड्यात पट तपासायला अधिकारी येणार होते. त्यांना सहा पूर्ण झालेली लेकरं मोजायची होती आणि पहिलीच्या वर्गात ती कमी दिसत होती. शेजारची शिवांजली तेव्हा साडेचार वर्षांची. तिची आई रानात जायची म्हणून महेश्वरी तिला कडेवर घेऊन शाळेत यायची आणि आपल्या शेजारी बसवायची. गुरुजींनी तिला पटावर घेतलं आणि सहा पूर्ण लावली. दोन्ही नोंदी एकाखाली एक होत्या, एकाच शाईतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पहिल्या गाडीनं तुळजापूरला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत प्लास्टिकची फाइल. यादीवर हरकत घ्यायला दोन दिवस होते. फाइलमध्ये अर्ज तयार होता, गुरुजींच्या वळणदार अक्षरातला.

महेश्वरीनं तो उभ्यानं वाचला. मी, शिवशरण, त्या वेळचा मुख्याध्यापक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की कुमारी शिवांजली हिचं वय मी दीड वर्षानं जास्त लावलं आणि माझी कन्या महेश्वरी हिचं पावणेदोन वर्षांनी कमी लावलं. तरी खरी ज्येष्ठता विचारात घेऊन योग्य तो न्याय द्यावा.

"तुमच्यावर काय येईल, माहीत आहे का?" तिनं विचारलं.

"माझ्यावर काय यायचं ऱ्हायलंय आता? चल."

शंभुलिंग दुकानाचं शटर वर करत होता. "मामा, चहा घेऊन जावा," तो म्हणाला. "तिथं गेल्यावर चहा सुचायचा न्हाई."

शिक्षण विभागाच्या व्हरांड्यात गर्दी होती. निवड झालेल्या उमेदवारांची कागदपत्र पडताळणी त्याच दिवशी सुरू झाली होती. हातात मूळ प्रमाणपत्रं, काखेत झेरॉक्सचे संच, सोबत कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा, कुणाचं रडणारं लेकरू. गुरुजी आणि महेश्वरी त्या रांगेच्या कडेनं आत गेले. हरकतींचं टेबल वेगळं होतं. तिथं गर्दी नव्हती.

टेबलावर राघवेंद्र उपळेकर होते, वरिष्ठ सहायक. गुरुजींच्या पेन्शनचे कागद त्यांच्याच हातून गेले होते, म्हणून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"बसा गुरुजी. तब्येत काय म्हणतेय?"

"बरी हाय. अर्ज आणलाय."

उपळेकरांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"गुरुजी, हे तुम्ही स्वतःच्याच विरोधात लिहून देताय."

"खरं ते लिहिलंय."

"खरं लिहायची जागा तेव्हा होती. आता दहावीच्या सनदेवर जी तारीख आहे ती तारीख. शाळा सोडल्यावर ती बदलत नाही. तुम्ही लिहून दिलं तरी नाही, ब्रह्मदेवानं लिहून दिलं तरी नाही."

महेश्वरी म्हणाली, "सर, म्हणजे हा अर्ज दिला तर ती जागा मला मिळणार नाही."

"नाही."

"तिला मिळेल?"

"लगेच नाही. लेखी हरकत आली की मला साहेबांपुढं ठेवावी लागते. साहेब चौकशी लावतील. चौकशी होईपर्यंत तिचा आदेश थांबेल."

"मग शिकवणार कोण?"

"कुणीच नाही. पद रिक्त दाखवायचं."

"किती दिवस?"

उपळेकर कपाटाकडं बघून म्हणाले, "मागच्या भरतीतल्या चौकशा अजून त्या वरच्या खणात आहेत."

गुरुजी पुढं झुकले. "पर चौकशीत खरं निघालं तर?"

"निघालं तर ती अपात्र ठरू शकते. मग जागा पुढच्या फेरीत येईल आणि यादीतलं पुढचं नाव तुमच्या मुलीचं आहे." त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "पण त्याच अर्जात दुसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंय की मुलीचीही तारीख खोटी आहे. जो न्याय तिला लागेल तोच हिला लागेल. एका अर्जात दोघी गेल्या, गुरुजी. असा अर्ज मी पहिल्यांदाच बघतोय."

"पहिली ओळ तेवढीच असती तर?" महेश्वरीनं विचारलं.

उपळेकरांनी तिच्याकडं बघितलं आणि लगेच टेबलावरच्या फायली नीट करायला घेतल्या. "जो अर्ज येईल तो मी घेईन. काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही."

"सर, तुमची जन्मतारीख काय?"

"माझी?" ते पहिल्यांदाच हसले. "एक जून. त्या खिडकीपाशी बसलेल्या मॅडमची एक जून. साहेबांची एक जून. शिपाई तेवढा चौदा ऑगस्टचा आहे, तो दवाखान्यात जन्मला. आम्ही इथं वर्षातून एकदाच केक आणतो."

तेवढ्यात व्हरांड्याच्या दारातून हाक आली. "अक्का!"

शिवांजली होती. हातात फाइल, केस घामानं कपाळाला चिकटलेले. ती थेट आत आली, गुरुजींच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्यामुळं झालं बघा. कालपास्नं तुम्हाला फोन लावतेय, उचलतच न्हाईत."

गुरुजींनी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. "यशस्वी हो," ते म्हणाले.

महेश्वरीनं कपाळाला हात लावला.

शिवांजलीच्या मागून पडताळणीच्या टेबलावरचा कारकून यादी घेऊन आला. "मॅडम, रांग सोडू नका, नंबर जाईल. ह्या कोण?"

"माझी अक्का हाय."

कारकुनानं महेश्वरीचं नाव विचारलं, गुणानुक्रमाच्या पूर्ण यादीवर बोट फिरवलं. "तुमच्या खालचा नंबर ना ह्यांचा? जन्म एक्याण्णवचा. तुमचा नव्वदचा. मग ह्या अक्का कशा?"

"अक्काच आहे," महेश्वरी म्हणाली.

"अक्काच हाय," शिवांजलीही म्हणाली.

कारकून उपळेकरांकडं बघून म्हणाला, "सर, हे काय प्रकरण आहे?"

"तू तुझी रांग बघ," उपळेकर म्हणाले.

पण शिवांजलीनं टेबलावरचा अर्ज बघितला होता. त्यात स्वतःचं नाव असलं की ते उलट्या बाजूनंही वाचता येतं. तिनं तो ओढून घेतला आणि वाचताना तिचा चेहरा उतरत गेला.

"गुरुजी, ह्ये तुम्ही लिवलं?"

गुरुजींनी खिशाचं पेन चाचपलं.

"म्या काय केलं हुतं? साडेचार वर्साच्या लेकराला इचारून लिवलं हुतं का तुम्ही? तुम्हाला पट दाखवायचा हुता, म्या पटावर बसले. आज नोकरी लागली तर म्हणताय खोटी हाय."

"तसं न्हाई बाळ..."

"मग कसं? माझं वय वाढवलं तर मी निवृत्त बी आधी हुणार. दीड वर्स माझी शेवटाला जाणार हायती. त्याचा अर्ज कुणाकडं करू मी?" ती महेश्वरीकडं वळली. "अक्का, तुला पाहिजे हाय का हे?"

महेश्वरी म्हणाली, "मला नोकरी पाहिजे आहे."

"मला न्हाई का पाहिजे?"

"तुलाही पाहिजे."

"मग?"

बाहेरून शिवांजलीचा नंबर पुकारला. ती गेली नाही. दुसऱ्यांदा पुकारला तेव्हा तिनं अर्ज टेबलावर ठेवला, नीट, सरळ करून, आणि पदरानं तोंड पुसत बाहेर गेली. रांगेत उभी राहिल्यावरही ती मान वळवून आत बघत होती.

उपळेकर हळू आवाजात म्हणाले, "उद्या साडेपाचपर्यंत मुदत आहे. आज घरी जा. विचार करा."

"विचार करून आलोय," गुरुजी म्हणाले.

"आम्ही जातो," महेश्वरी म्हणाली आणि अर्ज फाइलमध्ये घातला.

सोलापूरकडं जाणारी गाडी भरलेली होती. देवीला जाणारं एक कुटुंब नैवेद्याची पितळी परात मांडीवर घेऊन बसलं होतं. महेश्वरीला आणि गुरुजींना मागच्या चाकावरची सीट मिळाली. धाराशिव मागं पडलं.

"अप्पा," ती म्हणाली, "फक्त तिचं लिहिलं तर?"

"म्हणजे?"

"दुसरी ओळ काढून. तुम्ही तिचं वय जास्त लावलं, एवढंच. माझं काही नाही."

हे तिनं टेबलापुढं बसल्यापासून मनात धरलं होतं. जागा एकदोन वर्षं अडेल, अडू दे. चौकशी होईल, शिवांजली जाईल, पुढच्या फेरीत नाव लागेल. यातली एकही गोष्ट अशक्य नव्हती. उपळेकरांनी ती न सांगता सांगितली होती. गुरुजी हो म्हणणार नाहीत, असंही तिला वाटत होतं. रात्रभर बसून दोन्ही ओळी लिहिणारा माणूस अर्धा अर्ज कसा करेल? ते नाही म्हणाले की राग त्यांच्यावर काढता येणार होता.

गुरुजींनी फाइलमधून कोरा कागद काढला, फाइल मांडीवर आडवी धरली आणि खिशाचं पेन काढलं.

"सांग," ते म्हणाले. "म्या लिहितो."

गाडी खड्ड्यातून गेली तरी त्यांचं अक्षर हललं नाही. प्रति, मा. शिक्षणाधिकारी. खाली विषय. मग मजकूर. त्यांनी शिवांजलीचं नाव लिहिलं आणि पुढं दीड वर्ष लिहिलं. मग क्षणभर थांबून दीड खोडलं आणि दोन केलं.

"दोन कशाला?" महेश्वरीनं विचारलं.

"दीडपेक्षा दोन बरं दिसतं. चौकशीला वजन येतं."

ती त्यांच्या हाताकडं बघत राहिली. हाच हात, हाच पेनचा कोन. सात वर्षांच्या पोरीला पाच पूर्ण लावतानाही त्यांनी असंच म्हटलं असेल, बरं दिसतं. तिच्यासाठी.

"तिकीट, तिकीट. बोला तुळजापूर."

कंडक्टर सीटला रेलून उभा राहिला आणि गुरुजींना बघून सरळ झाला. "गुरुजी? ओळखलं का? म्या बिराप्पा. वस्तीवरला. बांधावरल्या घरचा."

"बिराप्पा," गुरुजींनी मान हलवली. "चौथीला गणितात नापास."

"त्येच ते," बिराप्पा खूश झाला आणि मागच्या सीटवरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमचे गुरुजी हायती. ह्यांच्यामुळं महामंडळात हाय म्या. भरतीला वयाची अट हुती, गुरुजींनी दोन वर्सं कमी लावली हुती म्हणून बसलो. आमच्या वस्तीवरले तीन पोलीस, एक तलाठी, सगळे गुरुजींनी मार्गाला लावल्याले. लई लेकरं मार्गाला लावली."

परातवाल्या बाईनं हात जोडले. "असे गुरुजी आता कुठं ऱ्हायले."

"न्हाई ना," बिराप्पा म्हणाला. "आता समदं दवाखान्यातून लिहून येतंय. बोला गुरुजी, कुठलं देऊ?"

"तुळजापूर. एक माझं, एक हिचं."

"ताईंचं अर्धं. तुमचं कार्ड द्या."

गुरुजींनी कार्ड दिलं. बिराप्पानं ते उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा पडला.

"गुरुजी, तुम्हाला पासष्ट झाली न्हाईत."

"अरे, सदुसष्ट झाली मला."

"मला म्हाईत हाय की. गावात कोणाला बी इचारा. पर कार्डावर चौसष्ट हाय. एक जूनला पासष्ट हुतील, मग अर्धं." त्यानं मशीनची बटणं दाबली. "पुढं तपासणीवाले असत्यात, न्हायतर तुमच्याकडून म्या घेतलं असतं का? फुल्ल द्यावं लागंल."

गुरुजी काही म्हणणार होते. मग त्यांनी मांडीवरच्या कागदाकडं बघितलं आणि कार्ड खिशात ठेवलं. तिकिटाचे पैसे महेश्वरीनं दिले.

"अर्ज कसला लिहिताय हो गुरुजी?" जाता जाता बिराप्पानं विचारलं. "काय काम असंल तर सांगा."

चौकशी लागली तर अधिकारी शिवांजलीची एकच नोंद बघून थांबणार नव्हते. गुरुजींनी एका नोंदीत खोटं लिहिल्याचं कबूल केल्यावर त्यांच्या सहीची बाकीची पानं कुणीही मागवू शकणार होतं. तीन पोलीस, एक तलाठी आणि पुढच्या सीटपाशी नाणी मोजणारा हा माणूस. आणि शेवटी, कधीतरी, महेश्वरीची नोंद. ती शिवांजलीच्या लगेच खालचीच होती.

"द्या इकडं," ती गुरुजींना म्हणाली.

"झालंच हाय. सही ऱ्हायली."

"नका करू."

"बाळ, तुझा हक्क..."

"अप्पा, माझ्यासाठी आता कुठलीच तारीख लिहू नका. कमी नको, जास्त नको. हात जोडते." तिनं कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. रागाचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. शिवांजलीवर रागवायचं तर तिनं काही केलं नव्हतं. नियमावर रागवायचं तर तो सगळ्यांना सारखाच होता. ज्यांनी केलं ते शेजारी बसले होते, तोंड उतरलेले, फुल्ल तिकीट हातात धरून.

थोड्या वेळानं गुरुजी म्हणाले, "पुढच्या भरतीला बसता येईल तुला. वय हाय अजून. तेवढं तरी..."

"ते बोलू नका," महेश्वरी म्हणाली.

"न्हाई बोलत."

तुळजापूरचा घाट लागला. गाडी पहिल्या गिअरवर आली आणि इंजिनाच्या आवाजात बोलणं बंद पडलं. महेश्वरीनं मोबाइल काढला. शिवांजलीचा मेसेज आलेला होता: पडताळणी झाली, एक झेरॉक्स कमी हुती ती उद्या द्यायची. अक्का, उद्या तू येणार हाय का? तिनं तो दोनदा वाचला. मग लिहिलं: नाही येणार. झेरॉक्स दोन प्रती घेऊन जा, ते एक हरवतात.

लगेच उत्तर आलं नाही. महेश्वरीनं फोन पर्समध्ये टाकला, वडिलांकडून पेन मागून घेतलं आणि अर्धवट अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"काय करतीस?" गुरुजींनी विचारलं.

"ते वयवारीचं गणित. पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलीच्या चौपट, आणखी दहा वर्षांनी दुपटीपेक्षा पाचनं जास्त. तिथं सोडलं होतं."

गुरुजी पुढं झुकले. "मुलीचं वय क्ष धर."

"अप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि हात मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. तिनं मुलीचं वय क्ष धरलं.